झुकिनीचा घरगुती उपयोग

गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडील बागायतदारांच्या शेतांत ज्या नव्या भाज्या दिसूं लागल्या आहेत, त्यांत झुकिनी ही एक प्रमुख होय. पुणें, सातारा, नाशिक या जिल्ह्यांत ब्रोकोली, लेट्यूस व रंगीत ढोबळी मिरची यांच्या जोडीनें तिची लागवड होते, आणि माल भरून मुंबई-पुण्याच्या बाजारांत व तेथून मोठमोठ्या हॉटेलांत जातो. परंतु चमत्कारिक गोष्ट अशी कीं, ज्या शेतकऱ्याच्या रानांत रोज सकाळीं झुकिनीचे क्रेट भरले जातात, त्याच्याच घरीं दुपारच्या पानावर बाजारांतून विकत आणलेला कोबी किंवा बटाटा असतो. घरांत कोणास विचारावें तर “ती हॉटेलवाल्यांची भाजी, आपण तिचें काय करायचें ?” असें उत्तर मिळतें.

ही गोष्ट नुसती हंसून सोडून देण्यासारखी नाहीं. यांत शेतकऱ्याच्या हिताचा प्रश्न गुंतलेला आहे. २०२० सालचा अनुभव वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्या वर्षीं २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. हॉटेलें, खाणावळी, लग्नकार्यें, सर्व एका दिवसांत बंद पडलें. वांगीं, मेथी, टोमॅटो यांचे भाव पडले खरे, तरी त्यांस कोणी ना कोणी खाणारा होता. झुकिनी, लेट्यूस यांसारख्या मालास मात्र गिऱ्हाईकच उरलें नाहीं. पुष्कळांनीं उभ्या पिकांत जनावरें सोडलीं, कित्येकांनीं नांगर फिरविला. आणि त्याच गांवांतून, आठवड्याचे बाजार बंद असल्यामुळें, घरोघर भाजीची ओढ होती ! चांगली पौष्टिक भाजी मातींत गाडावयाची आणि घरीं पिठलें-भाकरीवर भागवावयाचें, असा तो प्रकार झाला. ती कशी रांधावी हें गांवांत ठाऊक असतें, तर निदान कांहीं माल तरी शेजारीपाजारीं विकला गेला असता.

यावरून बोध एवढाच कीं, जें पीक पिकविणाऱ्याच्या चुलीवर चढत नाहीं, त्याचा सारा बाजार दुसऱ्याच्या हातीं असतो. म्हणून झुकिनी आपल्या रोजच्या शाकाहारी स्वयंपाकांत कशी आणावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

कूळ व मूलस्थान.— झुकिनी ही अगदीं अनोळखी वनस्पति नव्हे. काकडी, दुधी, दोडका, कारलें यांच्याच कुलांतील ती आहे. तिचें शास्त्रीय नांव कुकर्बिटा पेपो. या जातीचें मूलस्थान अमेरिका खंड होय. मेक्सिको देशांतील ओआहाका प्रांतांत एका गुहेंत हिच्या सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींच्या बिया सांपडल्या आहेत. कोलंबसाच्या सफरीनंतर ही जात युरोपांत गेली, आणि आज आपण लावतों ती लांबट, कोंवळेपणीं खाण्याची झुकिनी उत्तर इटलींत मिलान शहराच्या आसपास १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत तयार झाली. इटालियन भाषेंत भोपळ्यास ‘झुक्का’ म्हणतात. त्यावरूनच ‘झुकिनी’, म्हणजे लहानगे भोपळे, हें नांव पडलें. आपल्या देशांत उत्तरेकडे याच जातीचा दुसरा प्रकार ‘चप्पन कद्दू’ या नांवानें खाल्ला जातो. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेची ‘पूसा अलंकार’ आणि लुधियानाच्या पंजाब कृषि विद्यापीठाची ‘पंजाब चप्पन कद्दू-१’ हे त्याचे सुधारलेले वाण होत. तेव्हां पंजाबांतील शेतकऱ्याच्या घरीं जी भाजी रोजच्या पोळीबरोबर चालते, ती आपल्याकडे चालूं नये यास कांहीं कारण दिसत नाहीं.

कोणी म्हणतील, परदेशी भाजीस आपल्या पानांत जागा कशास ? त्यांनीं आपल्या उपवासाचें पान एकवार न्याहाळून पाहावें. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेंतला. बटाटा, भुईमूग, हिरवी मिरची, लाल भोपळा, राजगिरा हींहि सर्व मूळचीं तिकडचींच. जें एकादशीच्या फराळास चालतें, तें नुसतें परदेशी म्हणून इतर दिवशीं वर्ज्य कसें ठरेल ? भाजी कोठून आली यापेक्षां ती आपल्या फोडणीस कशी मिळते हें पाहणें अधिक शहाणपणाचें.

पिकाचा स्वभाव.— लागवडीचें सविस्तर वर्णन हा या लेखाचा विषय नव्हे. तथापि स्वयंपाकाशीं ज्या गोष्टींचा संबंध येतो तेवढ्या सांगितल्या पाहिजेत. झुकिनीचा वेल पसरत नाहीं, झुडूप होतें. त्यामुळें मांडवाचा खर्च नाहीं. बीं टाकल्यापासून ४० ते ५० दिवसांत पहिला तोडा येतो. नर व मादी फुलें एकाच झाडावर पण निरनिराळीं येतात, आणि फळ धरणें मधमाश्यांवर अवलंबून असतें. मादी फूल एकच सकाळ उमलतें. त्यानंतर साधारण चार ते सात दिवसांत फळ वीतभर लांब होऊन तोडणीस येतें. बाजारास हवें तें हेंच. पण एखाददोन दिवस तोडा चुकला कीं तेंच फळ हातभर होतें, व्यापारी तें घेत नाहीं, आणि बांधावर ढीग पडतो. या ढिगाचें काय करावें हा प्रत्येक झुकिनी लावणाराचा प्रश्न आहे, व त्याचेंहि उत्तर पुढें दिलें आहे.

गुणधर्म.— झुकिनींत शेंकडा ९४-९५ भाग पाणी असतें. १०० ग्राम फळांत उष्णता अवघी १७ कॅलरीच्या सुमारास, क जीवनसत्त्व सुमारें १८ मिलिग्राम, आणि त्याशिवाय पोटॅशियमसारखे क्षार असतात. पचनास ती हलकी. म्हणून आजारांतून उठलेल्यास, वृद्धांस व लहान मुलांस मऊ शिजवून देण्यास योग्य. परंतु नुसत्या झुकिनीनें पोट भरत नाहीं व अंगांत बळ येत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवावें. आपल्या पूर्वजांनीं दुधीस हरभऱ्याची डाळ आणि दोडक्यास मुगाची डाळ यांची जोड देऊन ठेवली आहे, ती याच विचारानें. झुकिनीसहि डाळ, बेसन, दाण्याचें कूट किंवा दहीं यांची जोड द्यावी, म्हणजे भाजी रुचकरहि होते आणि पोषणहि होतें.

पहिली चूक व तीवरील उपाय.— प्रस्तुत लेखकाच्या घरीं पहिल्या वर्षीं काय झालें तें सांगतों, म्हणजे इतरांस तीच चूक करावी लागणार नाहीं. दोन दिवस पावसामुळें तोडा राहिला आणि व्यापाऱ्यानें मोठीं फळें परत पाठविलीं. मातोश्रींनीं तीं दुधीप्रमाणेंच साल काढून, बारीक चिरून, वाटीभर पाणी व मीठ घालून झांकणाखालीं शिजत ठेविलीं. झांकण काढून पाहतात तों भांडें पाण्यानें भरलेलें व फोडी विरघळलेल्या ! “हिला ना चव ना चोथा,” असा निकाल मिळाला, आणि पुढें दोन वर्षें झुकिनीस आमच्या चुलीचें दर्शन झालें नाहीं. नंतर एके दिवशीं वहिनींनीं कोंवळीं फळें साल न काढतां, जाड फोडी करून, लोखंडी कढईंत मोठ्या आंचेवर परतून पाहिलीं. त्या दिवशीं मातोश्रींनीं स्वतः होऊन भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. फळ तेंच, घर तेंच; फरक पडला तो रीतींत.

त्या रीतीचें कारण असें : झुकिनी म्हणजे पाण्याची पिशवी आहे. मिठाचा स्पर्श होतांच फोडींतील पाणी बाहेर ओढलें जातें; झांकण घातलें कीं वाफ पुन्हां भांड्यांतच पडते; आणि दुधीइतका वेळ आंच दिली कीं कोंवळा गर टिकत नाहीं. यावरून पांच नियम निघतात. (१) साल काढूं नये. फळाचा आकार व बरीचशी चव सालींतच असते. (२) फोडी बोटाच्या पेराएवढ्या जाड कराव्या. (३) वरून पाणी मुळींच घालूं नये. (४) भांडें पसरट असावें, आंच मोठी असावी आणि झांकण घालूं नये. (५) मीठ अगदीं शेवटीं घालावें. जेथें कीस करावयाचा असेल तेथें उलट मीठ प्रथम लावून पाणी पिळून काढावें, पण तें पाणी फेकूं नये. कणीक किंवा भाजणी भिजविण्यास तेंच घ्यावें.

आतां आपल्या घरांत सहज होण्यासारखे प्रकार क्रमानें देतों. प्रमाणें साधारण पांच माणसांच्या कुटुंबाचीं, अर्धा किलो फळांचीं आहेत.

(१) परतून भाजी.— लोखंडी कढईंत दोन पळ्या तेल चांगलें तापवून मोहरी, जिरें, हिंग, ठेंचलेला लसूण व हिरवी मिरची यांची फोडणी करावी. हळद टाकून लगेच फोडी घालाव्या व मोठ्या आंचेवर पांचसहा मिनिटें परताव्या. कडा तांबूस होऊं लागल्या कीं मीठ, दोन चमचे दाण्याचें कूट व कोथिंबीर घालून भांडें ताबडतोब उतरवावें. फोडी दांतास किंचित् लागल्या पाहिजेत. भाकरीबरोबर ही भाजी उत्तम लागते. लसूण न खाणारांनीं त्याऐवजीं कढीलिंब व ओलें खोबरें घालावें.

(२) पीठ पेरून भाजी.— हा प्रकार झुकिनीस सर्वांत चांगला जमतो, कारण तिचें पाणी हाच येथें गुण ठरतो. अर्धी वाटी बेसन कोरडेंच मंद आंचेवर खमंग भाजून ठेवावें. फोडणींत एक मोठा कांदा परतून त्यावर बारीक फोडी घालाव्या, तिखट व मीठ टाकावें. दोनतीन मिनिटांत पाणी सुटेल. तेव्हां बेसन चिमटी-चिमटीनें वरून पेरावें, कडेनें चमचाभर तेल सोडावें आणि या एकाच प्रसंगीं झांकण ठेवून दोन वाफा काढाव्या. सुटलेलें पाणी बेसन पिऊन घेतें आणि भाजी मोकळी होते. प्रवासास जाणारानें डब्यांत न्यावी अशी ही भाजी आहे.

(३) डाळ घालून भाजी.— दुधींत हरभऱ्याची डाळ भाजीबरोबरच शिजत घालण्याची चाल आहे. ती येथें उपयोगी नाहीं. डाळ शिजेपर्यंत झुकिनीचा लगदा होईल. यासाठीं अर्धी वाटी हरभऱ्याची किंवा मुगाची डाळ आधीं भिजवून बोटचेपी शिजवून घ्यावी. मग फोडणीवर फोडी परताव्या, डाळ मिसळावी, गोडा मसाला, चिमूटभर गूळ व आमसुलें घालून एक उकळी आणावी. तुरीच्या साध्या आमटींतहि शेवटचीं पांच मिनिटें फोडी सोडल्यास आमटीस चांगली गोडी येते. तमिळनाडूंत मुगाची डाळ, खोबरें, जिरें व मिरची वाटून ‘कूटू’ करितात. त्यांतहि ही भाजी सहज खपते.

(४) भरली झुकिनी.— वीतभर फळाचे तीन बोटें लांबीचे तुकडे करावे व आंतील गर चमच्यानें कोरून घ्यावा. बूड मात्र शाबूत ठेवावें. दाण्याचें कूट पाऊण वाटी, भाजलेल्या तिळांचें कूट दोन चमचे, सुकें खोबरें दोन चमचे, गोडा मसाला, तिखट, मीठ, सुपारीएवढा गूळ व थोडा चिंचेचा कोळ यांत कोरलेला गर बारीक चिरून मिसळावा. वांग्यांच्या मसाल्यास आपण पाण्याचा हात लावतों, तसा येथें लावूं नये. मसाला भरून तुकडे पसरट भांड्यांत तेलाच्या फोडणीवर उभे मांडावे आणि मध्यम आंचेवर दहा मिनिटें, एकदां हलक्या हातानें फिरवून, शिजवावे. पाहुण्यांच्या पानास शोभेल असा हा पदार्थ आहे.

(५) कोशिंबीर.— यास अगदीं कोंवळीं, बोटाएवढ्या जाडीचीं फळें हवींत. खमंग काकडीप्रमाणें चोचवून मीठ लावून दहा मिनिटें ठेवावीं, पिळून घ्यावीं. दाण्याचें कूट, साखर, लिंबाचा रस, कोथिंबीर घालून वर तूप-जिऱ्याची व मिरचीची फोडणी द्यावी. ही कोशिंबीर केल्याबरोबर खावी, ठेवल्यास तिला पाणी सुटतें.

(६) भरीत.— किंचित् मोठें फळ तेलाचा हात लावून निखाऱ्यावर चोहों बाजूंनीं भाजावें. करपलेली साल हातानें काढून गर चाळणींत घालून पंधरा मिनिटें निथळत ठेवावा. ही निथळण चुकविली तर भरीत पातळ होतें. नंतर कांदा, घट्ट दहीं, मीठ, साखर घालून मोहरी, हिंग व लाल मिरचीची फोडणी द्यावी. लाल भोपळ्याचें दह्यांतील भरीत ज्यांस आवडतें, त्यांस हें आवडल्यावांचून राहणार नाहीं.

(७) थालिपीठ, मुठिया वगैरे.— बाजारानें नाकारलेल्या मोठ्या फळांचा हा खरा उपयोग. फळ उभें चिरून निबर बिया व मधला भुसभुशीत भाग काढावा आणि सालीसकट किसावें. दोन वाट्या किसास मीठ लावून ठेवावें. पाणी सुटल्यावर त्यांतच तिखट, तीळ, ओवा, कोथिंबीर व मावेल तितकी भाजणी (साधारण दोन वाट्या) घालून मळावें. वरून पाणी घालावें लागत नाहीं. थालिपीठें मऊ होतात व लहान मुलें भाजी न कुरकुरतां खातात. याच किसांत कणीक, बेसन, थोडें दहीं व मोहन घालून गुजराथी पद्धतीच्या मुठिया वाफवाव्या व वरून तिळाची फोडणी द्यावी. डाळ-तांदुळाच्या हांडव्यांत दुधीच्या जागीं हा कीस पिळून चालतो.

(८) भजी, फळांचीं व फुलांचीं.— पातळ चकत्यांस मीठ न लावतां त्या थेट बेसनाच्या घट्टसर पिठांत बुडवून तळाव्या. परंतु खरी मौज फुलांच्या भज्यांत आहे. भोपळ्याच्या फुलांचीं भजी आपल्याकडे जुनीं आहेत, बंगाल्यांतहि तीं आवडीनें खातात. झुकिनीचीं फुलें त्याच कामीं यावींत. मात्र लांब, बारीक देंठावरचीं नर फुलेंच तोडावीं. ज्याच्या बुडाशीं इवलें फळ दिसतें तें मादी फूल होय, त्यास हात लावूं नये. आणि तींहि पहांटे तोडूं नयेत. मधमाश्यांचें काम सकाळच्या पहिल्या प्रहरांत उरकतें. तें झाल्यावर, फूल मिटण्याच्या सुमारास तोडलें तर फळधारणेस धक्का लागत नाहीं. फूल उघडून किडे झटकावे, आंतील पिवळा दांडा काढावा, आणि मगच पिठांत बुडवावें.

(९) गोड पदार्थ.— मोठ्या फळाचा कीस घट्ट पिळून तुपावर पाणी आटेपर्यंत परतावा, नंतर दूध घालून आटवावें व साखर, वेलदोडा घालून हलवा करावा. दुधीपेक्षां यास वेळ अधिक लागतो आणि पदार्थ आटून थोडा होतो; तेव्हां ढीग पडला असेल तेव्हांच हा उद्योग करावा.

याशिवाय ज्या ज्या भाज्यांत दोडका वा घोसाळें चालतें, तेथें झुकिनी घालून पाहण्यास हरकत नाहीं. बंगाल्यांत दोडक्यास खसखशीचें वाटण लावून जी भाजी करितात, तीहि झुकिनीची छान होते. इंग्लंड-अमेरिकेंत राहणाऱ्या आपल्या मंडळींस दुधी-दोडका सहज मिळत नाहीं. तेथें उन्हाळ्यांत झुकिनी मुबलक येते, आणि कित्येक मराठी घरांत दुधीच्या जागीं तिचीच डाळ घातलेली भाजी व थालिपीठें होतात. म्हणजे आपल्याच लोकांनीं परमुलखांत ही परीक्षा केव्हांच घेतली आहे.

फळांची निवड व सांठवण.— खाण्यास १५ ते २० सेंटिमीटर लांबीचीं, तुकतुकीत सालीचीं, हातास भरीव लागणारीं फळें उत्तम. नखानें साल सहज टोचली गेली पाहिजे. तोडतांना देंठाचा तुकडा ठेवून सुरीनें कापावें; पिळून तोडल्यास देंठाकडून सड लागते. पानांस व देंठांस बारीक कांटे असतात, त्यांनीं हात खाजतात. म्हणून हातमोजे घालावेत. घरीं सावलींत, हवेशीर टोपलींत फळें तीनचार दिवस राहतात. शीतकपाटांत आठवडाभर टिकतात, पण फार थंडीनें सालीवर खड्डे पडतात. तोडणीच्या दिवशींच खाल्लेल्या झुकिनीची गोडी वेगळीच असते, आणि ती गोडी शहरांतल्या श्रीमंतासहि मिळत नाहीं. ती फक्त शेतकऱ्याच्या वांट्याची आहे.

महत्त्वाची सावधगिरी.— आतां जें सांगावयाचें तें सर्वांनीं नीट ध्यानांत ठेवावें. या कुलांतील फळांत क्वचित् ‘कुकर्बिटासिन’ नांवाचें कडू विष उत्पन्न होतें. तें शिजविल्यानें नाहींसें होत नाहीं. २०१५ सालीं जर्मनींत घरच्या बागेंतील कडू झुकिनीची भाजी खाऊन एका वृद्ध गृहस्थाचा मृत्यु झाला. आपल्याकडे २०१० सालीं दिल्लींत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा प्राण गेला, व त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनें कडू रस मुळींच पिऊं नये असा इशारा दिला. म्हणून चिरण्यापूर्वीं प्रत्येक फळाचा लहानसा कच्चा तुकडा जिभेच्या टोंकावर ठेवून पाहावा. कडू लागल्यास थुंकून टाकावा, फळ पुरून टाकावें, जनावरांसहि घालूं नये. “मीठ-मसाल्यानें कडूपणा मरेल,” “एवढें वाया कशाला घालवायचें,” अशी काटकसर येथें जिवावर बेतते. कडू भाजी खाण्यांत येऊन उलटी, जुलाब सुरू झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णास दवाखान्यांत न्यावें.

कडूपणाचें एक कारण बियाण्यांत असतें. शोभेचे रंगीत लहान भोपळे बहुशः याच जातीचे असतात व मधमाश्यांच्या द्वारें झुकिनीशीं त्यांचा संकर होतो. त्या वर्षींचें फळ बिघडत नाहीं, पण त्यांतील बीं धरून लावल्यास पुढील पीक कडू निघण्याचा संभव असतो. संकरित वाणाचें बीं घरीं धरूं नये आणि उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या झाडाचें फळ खाऊं नये. दुधी, दोडका, काकडी शेजारीं असल्यास भीति नाहीं. त्यांच्याशीं हिचा संकर होत नाहीं. पाण्याचा फार ताण पडल्यासहि कडूपणा वाढूं शकतो, यासाठीं पाळ्या नियमित द्याव्या.

दुसरी गोष्ट औषधांची. झुकिनीवर भुरी येते, फळमाशी लागते, आणि माव्यामार्फत पिवळ्या केवड्याचा विषाणु पसरतो. त्यामुळें फवारणीचा मोह फार. पण हें पीक रोज किंवा दिवसाआड तोडलें जातें. औषधाच्या डब्यावर तोडणीपूर्वीं जितके दिवस थांबावयास सांगितलें असेल तितके थांबावयाचें, तर मधलीं फळें फेकावीं लागतात. आणि तेथेंच कित्येकांची नियत डळमळते. येथें स्पष्ट बोललें पाहिजे. जें पीक आपल्या घरीं कोणी खात नाहीं, त्यावर हात सैल सुटतो. ज्या दिवशीं तीच झुकिनी आपल्या नातवंडाच्या पानांत पडूं लागेल, त्या दिवशीं पंप उचलतांना हात आपोआप विचार करील. मावा व फळमाशी यांसाठीं चिकट व कामगंध सापळे आधींच लावावे, रोगट झाडें उपटून काढावीं, आणि सकाळीं मधमाश्या फुलांवर असतांना कोणतीहि फवारणी करूं नये.

उपसंहार.— पुढील हंगामांत झुकिनी लावणारानें तीन गोष्टी कराव्या अशी सूचना आहे. पहिल्या तोड्याचीं चार फळें व्यापाऱ्याच्या क्रेटांत न घालतां घरीं द्यावीं. दुसरी, मोठीं झालेलीं फळें बांधावर न टाकतां शेजाऱ्यांस व मजुरांस, कशीं रांधावीं तें सांगून, वांटावीं. थालिपिठाची रीत तोंडी सांगण्यास दोन मिनिटेंहि लागत नाहींत. तिसरी, गांवच्या आठवड्याच्या बाजारांत एक टोपली मांडावी आणि विकावयास बसणाऱ्या बाईनें फळाबरोबर कृतिहि सांगावी. पहिल्या आठवड्यांत टोपली परत येईल, कदाचित् दुसऱ्यांतहि येईल. टोमॅटोस आपल्या आमटींत शिरावयास पिढ्या लागल्या. झुकिनीस दोन हंगाम द्यावयास काय हरकत आहे?

हॉटेलचा बाजार वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. तो आहे तोंवर त्याचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु तो बाजार एका आज्ञेनें बंद पडूं शकतो, हें आपण एकदां पाहिलें आहे. आपल्या तालुक्यांतील चूल मात्र दोन वेळां पेटतेच. त्या चुलीची ओळख झालेलें पीक कितीहि मंदी आली तरी अगदीं बेवारशी होत नाहीं. भगिनीवर्गानें वरील कृति करून पाहाव्या, त्यांत आपल्या अनुभवानें सुधारणा कराव्या, आणि ज्या रीति चांगल्या उतरतील त्या या मासिकाकडे अवश्य कळवाव्या, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.